दीड रेघ

आधी मुंग्या आल्या.
न्हाणीतल्या वाळूवर, बुज्जी बसून उठली की लगेच,
एका रांगेत, हजेरी लावायला आल्यासारख्या.
नरसव्वा म्हणाली, हिच्या मुतात काहीतरी गोड आहे.
मी हसलो. साखर पेठेतलं मांजर, म्हटलं, दुसरं काय निघणार.

मग घमेल्यातलं पाणी उतरू लागलं.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो,
पिंपाचा तळ घरात सगळ्यांना पाठ.
त्यात हे एवढंसं जनावर
तांब्यावर तांब्या रिचवतं
आणि वाळत जातं.
शेवटी मागच्या टाचा जमिनीला टेकून चालू लागली,
गुडघे धरून उठलेल्या म्हातारीसारखी.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या.
मला ऐकू येत नाही म्हणून मोठ्या अक्षरात लिहून दिलं:
सकाळी सात, संध्याकाळी सात.
आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही, फोन.
सिरिंज केशरी टोपीची. लाल नको.

मेडिकलवाल्यानं लालच दिली.
परत गेलो. तो हातवारे करून म्हणाला,
मांजराला काय फरक पडतो, काका.
पडतो. अडीच पटीनं पडतो.

तेहतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो.
कान मागांनी खाल्ले, बोटं तेवढी ठेवली.
हजार धाग्यांतला तुटलेला एक
बोटांना आधी कळायचा, डोळ्यांना मागून.
त्याच बोटांनी आता मानेजवळची कातडी उचलतो,
राहुटीसारखी उभी राहते,
राहुटीच्या दारातून सुई आत.
पहिल्या आठवड्यात दोनदा
या बाजूनं शिरली, त्या बाजूनं निघाली,
औषध केसांवर, दवाखान्याच्या फरशीचा वास.
पुन्हा टोचू नये, असं कागदावर होतं.
ते बारा तास तिघांनीही तसेच काढले.

रक्ताचं काम नरसव्वाचं.
विड्यांचं सूप बाजूला सारते,
तंबाखूचे हात दोनदा साबणानं धुते,
कानामागे कापूस धरून कडेला टोचते.
मोहरीएवढा थेंब.
मशीन वाजतं म्हणे. मी तिचा चेहरा बघतो.
३८१. ३४०. २९६.
जुन्या विडी कार्डाच्या कोऱ्या पानांवर
आता मांजराची मजुरी लिहिलेली आहे.

कामारेड्डीला मेव्हण्याच्या घरी लग्न होतं.
ती एकटीच गेली.
मांजराला शुगर आहे म्हणून नवरा आला नाही,
हे तिथं कुणाला खरं वाटलं नाही.
दोघांचं भांडण झालंय असं ठरलं,
आणि तिला दोन साड्या जास्तीच्या मिळाल्या.

मे महिन्यात दिवसभर लाईट नव्हती.
बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पोटाशी ठेवली.
घरात गार जागा ती एकच,
आम्ही दोघं उंबऱ्यावर पडून.

आणि ती रात्र. दीड वाजता
नरसव्वानं मला हलवून उठवलं.
बुज्जी भिंतीला धडकत होती, मान थरथरत होती.
४८.
साखरेचं पाणी बोटावर, बोट हिरडीवर,
थेंब थेंब, ठसका लागेल म्हणून सावकाश.
ज्या साखरेला तीन महिने शिव्या दिल्या
तिच्याच पाया पडलो.
पाऊण तासानं ९२.
मी तळहात तिच्या बरगडीवर ठेवून बसलो.
सगळे माग बंद झाल्यावर एखादाच दूर चालू राहावा
तसं काहीतरी हाताला लागलं.
नरसव्वाला विचारलं, गुरगुरतेय का?
ती म्हणाली असावी, हो.

सकाळी फोन झाला. दीडवरून एक रेघ.
डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नरसव्वानं पाटीवर लिहिलं,
सगळं वाचता आलं नाही, अक्षर तिचं.

परवा पहाटे नळ आला.
पिंप, कळशा, बादल्या, शेवटी तिचं घमेलं
काठोकाठ भरलं.
आज तिसरा दिवस.
मी मघाशी बोट बुडवून पाहिलं,
दोन पेरं उतरलंय, फार तर अडीच.

सातला दहा कमी आहेत.
ती चुलीपाशी आधीच येऊन बसलीय.